घोड्यासाठी हरभरे

इंदू : परातीला हात नको लावूस दादा. पाक ओला आहे अजून.

शालिग्राम : हात कुठे लावतोय? शेगडीची ऊब घेतोय नुसती. काय थंडी आहे ग तुमच्या धारला! गाडीवान दोनदा दाराशी येऊन खाकरून गेला. आत्याचं आवरलं का?

इंदू : न्हातेय. भोगीचं न्हाणं झाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणाली.

शालिग्राम : न्हाऊ दे बापडी. पण उन्हं वर यायच्या आत दमणी निघायला हवी. रात्रीपर्यंत महू गाठायचं, उद्या सकाळच्या रेल्वेने मोरटक्का, तिथून ओंकारेश्वर. परवा किंक्रांत. करिदिनाला म्हातारं माणूस घेऊन रस्त्यात अडकायला नको. आणि माझी रजा संपतेय. आमचं देवास म्हणजे माहीत आहे ना तुला? एकाच गावात दोन राज्यं; रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. समोरचे थोरल्या पातीचे कारकून अजून तीळगूळ वाटत बसतील आणि मी इकडे खिडकीतून बघत खर्डे घाशीन.

इंदू : चहा घेतोस?

शालिग्राम : नको. घेतला की बसावंसं वाटतं. ते गाठोडं बघ, तुझ्यासाठी आणलंय. लोहारद्याच्या बाजारातले हरभरे आहेत, मोठ्या दाण्याचे. आणि बागलीकडची बोरं. पोरीच्या बोरन्हाणाला होतील.

इंदू : ठेव तिथे. कमळ उठली की बोरं आधी तोंडात घालेल.

शालिग्राम : दागिने झाले का तिचे? हलव्याचे?

इंदू : कसले दागिने? हलव्याला काटाच फुटत नाही. तीन पहाटा बसतेय मी या शेगडीपुढे. तीळ फिरवायचे, चमचाभर पाक सोडायचा, पुन्हा फिरवायचे. बोटं बघ कशी झालीत. आणि दाणे हे असे, गुळगुळीत. सशाच्या लेंड्या पांढऱ्या केल्या तर दिसतील तसे.

शालिग्राम : डोळे सुजलेत तुझे. झोप नाही झाली?

इंदू : झोप होती. झोपेतच दमले.

शालिग्राम : म्हणजे?

इंदू : स्वप्न पडलं. काल कृष्णाजी जोशी येऊन संक्रांत वाचून गेले ना, त्याचंच डोक्यात राहिलं असेल. यंदा घोड्यावर बसून येतेय. केशरी वस्त्र, हातात भाला, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि ईशान्येला बघते. सासूबाईंनी लगेच माझं केशरी लुगडं ट्रंकेत टाकलं. संक्रांत जे नेसते ते आपण नेसायचं नाही.

शालिग्राम : आणि ती बघते तिकडे जायचं नाही. ओंकारेश्वर काही ईशान्येला नाही, मी विचारून घेतलंय. पुढे सांग.

इंदू : मागच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं तर पायरीवर तीच. केशरी नेसलेली, भाला भिंतीला टेकून ठेवलेला. पण घोडा नाही. खोगीर तिच्या डोक्यावर. चुंबळ करून वर ठेवलेलं, पाण्याच्या घागरीसारखं. टाचा अशा भेगाळलेल्या की मातीच्या वाटाव्यात. मी विचारलं, बाई, घोडा कुठे? तर म्हणाली, घोडा कधी होता ग? दर साली मी पायीच येते.

शालिग्राम : भले!

इंदू : हसू नकोस. मग म्हणाली, जरा हात लाव, हे खाली ठेवते. मी हात लावला. इतकं जड खोगीर, दादा. अजून खांदे दुखताहेत. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, तुम्ही ठेवायचात ते हरभरे जरा कचकचीत असायचे, पण गूळ चांगला असायचा. फक्त एका साली तुमच्या दारातून उपाशी गेले. एवढंच बोलली. मग कमळ रडली आणि मी उठले.

शालिग्राम : रात्री वांगं खाल्लंस. थंडीत वांगं बाधतं.

इंदू : तुला आठवतं ना, आपण ठेवायचो ते?

शालिग्राम : वाहनाचा चारा? न आठवायला काय झालं! अख्ख्या गल्लीत फक्त आपल्या घरी होतं ते. बाबा दरबारच्या घोड्यांच्या पागेवर होते म्हणून. जोशी सांगून गेले, संक्रांत अमुक जनावरावर येतेय, की आपली धावपळ. भोगीच्या संध्याकाळी मागच्या पायरीवर त्या जनावराचं खाणं मांडायचं. जनावर खाऊन पुढे गेलं पाहिजे, आपल्या दारात थांबता कामा नये.

इंदू : आणि सकाळी पान चाटूनपुसून स्वच्छ.

शालिग्राम : बैलाच्या साली तिळाची पेंड आणि गूळ ठेवला होता. कणही उरला नव्हता. काय ग मजा वाटायची! मी गल्लीतल्या पोरांना मोठ्या ऐटीत सांगायचो, आमच्याकडे जेवून जाते संक्रांतीची सवारी.

इंदू : सवारी जेवायची. तिच्यासाठी कोणी काही ठेवायचं नाही.

शालिग्राम : तिच्यासाठी? तिला कोण बोलावतंय घरात? ती खाते ते महाग होतं.

इंदू : हत्तीचं साल आठव. काय ठेवलं होतं?

शालिग्राम : ऊस. चांगली दोन कांडी.

इंदू : आणि सकाळी?

शालिग्राम : सकाळी... उकिरड्यात चिपाडं पडली होती. तूच ओरडत आलीस, दादा, हत्तीने ऊस खाल्ला म्हणून.

इंदू : हत्ती चिपाडं टाकतो का रे? आपण पागेवाल्याची मुलं. दरबारचे हत्ती ऊस खाताना रोज बघत होतो. सालासकट, कांड्यासकट गिळतात. चिपाडं कोण टाकतं? दातांनी सोलून, चोखून, चोथा बाजूला ठेवणारं जनावर कोणतं?

शालिग्राम : पहाटे उठून हेच करत बसलीस काय?

इंदू : हात परातीत होते. डोकं रिकामं होतं.

शालिग्राम : पोरंटोरं खात असतील गल्लीतली. किंवा गाय.

इंदू : मागच्या चौकाचं दार रात्री आतून बंद असायचं. आई स्वतः अडसर घालायची. बाहेरचं कोणी येत नव्हतं, दादा. आणि वाघाचं साल?

शालिग्राम : ते नको काढूस आज.

इंदू : तेच काढायचं आहे. शिकारखान्यातल्या माणसाकडून हाड तू आणलंस, मांस लागलेलं. मी पत्रावळीवर ठेवलं. सकाळी तसंच होतं. वर दव साचलेलं. तू मला म्हणालास, इंदे, वाघ जेवला नाही, आता तो घरात येणार.

शालिग्राम : आणि होळीला बाबांना घोड्याने लाथ मारली. आठ दिवस तळमळून गेले. चुकीचं काय बोललो मी?

इंदू : त्या घरात हाडाला न शिवणारं कोण होतं? आत्या. नवरा गेल्यावर मांस सोडलेली, एकदाच जेवणारी. आत्याला रात्री भूक नसते, असं आई सांगायची. आपण मानायचो. ती आपल्याला वाढायची, उष्टी काढायची आणि मागच्या चौकात झोपायची. त्या पायरीपासून चार हातांवर.

शालिग्राम : म्हणजे तुझं म्हणणं, सवारीचा चारा आत्या खायची?

इंदू : भुकेलेलं माणूस होतं. समोर गूळ-हरभरे होते. सालातून एक रात्र. त्या साली आपण वाघासाठी हाड ठेवलं, म्हणून ती उपाशी राहिली. आणि आई बाबांच्या दहाव्याला चार बायकांसमोर काय म्हणाली?

शालिग्राम : की हिच्या सावलीने वाघ उपाशी गेला. हीच घरातली संक्रांत.

इंदू : तेव्हापासून तेच नाव. देवासला वहिनीही तेच म्हणते ना?

शालिग्राम : तिचं काय चुकलं? आत्या आमच्याकडे राहायला आली आणि दोन महिन्यांत पोटातलं गेलं तिच्या. दुसऱ्यांदा. मी समजावतो ग, की हे असं नसतं. पण रात्री ती भिंतीकडे तोंड करून पडते, तेव्हा माझ्याच मनात येतं. मीही दमलोय, इंदू. घरी गेलो की एक खोलीत रडते, एक स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज न करता भांडी घासते. संवत छप्पनच्या दुष्काळात सुद्धा इतका थकलो नव्हतो मी. म्हणून तिला कायमचं ठेवायला ओंकारेश्वर पाहिलं, आणि आधी तुझी भेट व्हावी म्हणून इथे आणलं. नर्मदामाई आहे, दोन वेळचं अन्नछत्र आहे, तिच्यासारख्या बाया आहेत. वाईट काय आहे त्यात?

इंदू : काही वाईट नाही. मी पण हो म्हणाले होते.

शालिग्राम : मग? तुझ्याकडे तरी कुठे जागा आहे? तुझ्या सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं, बोरन्हाणाच्या दिवशी ती घरात नको. म्हणून तर आजची गाडी ठरवली मी.

इंदू : माहीत आहे. सासूबाईंचं दुखणं, हे घर, शाळेतून दमून येणारे तुझे मेहुणे गणपतराव, कमळची रात्र रात्र रड. मला वाटलं, एक माणूस कमी झालं तर तेवढंच ओझं कमी. खरं सांगते, काल रात्रीपर्यंत मला सुटल्यासारखं वाटत होतं.

शालिग्राम : स्वप्नावरून माणसं घरात ठेवायची म्हटलं तर कचेरी चालेल का?

इंदू : स्वप्न सोडून दे. चिपाडांवर बोल.

शालिग्राम : ...अरे देवा.

इंदू : काय झालं?

शालिग्राम : गूळ.

इंदू : कसला गूळ?

शालिग्राम : घोड्याच्या साली मी नुसते हरभरे ठेवले होते. वाटीभर. बाबा पागेतून आले, बघितलं आणि म्हणाले, कोरडे कशाला? भिजव. आणि वर गुळाचा खडा ठेव, मोठा ठेव. घोड्याला गूळ फार आवडतो. मग कोटाच्या खिशातून दोन तिळाचे लाडू काढून त्यांनी स्वतः बाजूला ठेवले. मी विचारलं, घोडा लाडू खातो? तर म्हणाले, दरबारचा खातो.

इंदू : हे मला माहीत नव्हतं.

शालिग्राम : दर साली काहीतरी ठेवायचे ते. बैलाच्या साली पेंडीबरोबर गूळ त्यांनीच सांगितला. गाढवाच्या साली मी गवत ठेवणार होतो, तर म्हणाले, छे, गवत तो रोज खातो, आज त्याला हुरडा घाल. मला वाटायचं, काय जनावरांची माया आहे बाबांना!

इंदू : आणि वाघाच्या साली ते घरी नव्हते.

शालिग्राम : दरबारच्या दौऱ्यावर होते, घोड्यांबरोबर. असते तर म्हणाले असते, वाघाला दूधभात ठेव.

इंदू : म्हणाले असते.

शालिग्राम : त्यांना ठाऊक होतं, इंदू. आईला उघड बोलता येत नव्हतं त्यांना. सख्खी बहीण घरात उपाशी झोपतेय, तर... तर आपल्या हातून तिला जेवू घालायचे. वर्षातून एकदा. संक्रांतीच्या घोड्याच्या नावाने.

इंदू : रोज नाही घातलं.

शालिग्राम : नाही. रोज नाही.

इंदू : दादा, डोळे पूस. ती येतेय.

(आत्या येते. ओले केस पाठीवर, काखेत लहानसं बोचकं.)

आत्या : झालं रे माझं. उशीर केला म्हणून रागावू नकोस. पाणी गार होतं, वाटलं उगाच चूल कशाला पेटवा. चल, निघू. उन्हं वर आली की बैलांना त्रास.

शालिग्राम : बस जरा, आत्या.

आत्या : बसून काय करू? बसलं की उठताना गुडघे बोलतात. बये, शेगडी का अशी विझत ठेवलीस? विस्तव बघ, राख झाली त्याची.

इंदू : काटा फुटत नाही, आत्या.

आत्या : फुटेल कसा? पाक ओतत्येस की काय? बघू. अग, हे तर लाडवाचं झालं. थेंब सोडायचा, थेंब. आणि एक थेंब सुकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. घाई केली की तीळ रुसतो. गारठा कमी आहे का बाहेर? नाही. मग गारठा आहे, विस्तव आहे, तीळ आहे, धीर तेवढा नाही तुझ्यात.

इंदू : धीर कुठला आणू? रात्री झोप नाही.

आत्या : झोप असती तर धीर लागलाच नसता. सरक. हे बोचकं धर जरा, शालू.

शालिग्राम : दे इकडे. आत नेऊन ठेवतो.

आत्या : आत कशाला? गाडीत ठेव.

शालिग्राम : आतच ठेवतो.

आत्या : अरे, पण गाडीवान...

शालिग्राम : गाडीवानाला सांगतो मी काय सांगायचं ते. मला एकट्याला देवासला जायचंय. तिकडे काही ईशान्येबिशान्येचं बंधन नाही ना, इंदू?

इंदू : देवास ईशान्येलाच. पण आपल्या घरी परतणाऱ्याला बंधन नसतं.

शालिग्राम : मग ठीक.

आत्या : काय चाललंय तुमचं दोघांचं? इंदे, सासूबाई कालिकेच्या देवळातून येतील आत्ता. मी दिसले तर तुला ऐकावं लागेल. आधीच काय कमी ऐकतेस?

इंदू : त्यांना सांगेन, हलव्याला काटा फुटत नव्हता. नातीच्या गळ्यात गुळगुळीत हार घालायचा का म्हणून विचारेन.

आत्या : तेवढ्याने ऐकणाऱ्यातल्या नाहीत त्या.

इंदू : नाही ऐकलं तर चार दिवस बोलतील. मग दमतील. सगळेच दमलेत या घरात, आत्या. त्यात तू एक. फरक पडणार नाही.

आत्या : बोरन्हाणाला मी मागच्या चौकात बसेन. पुढे येणार नाही.

इंदू : पुढे बसायचं. तुझ्या हातचा हलवा कमळच्या अंगावर, आणि तू मागे?

आत्या : ...हात लाव परातीला, कोमट लागते का बघ. हां. आता पाक घे चमच्याच्या टोकावर. सोड. बस्स. फिरव. बोटं अशी ठेव, चटका बसला तर बसू दे. त्याच्याशिवाय काटा येत नाही.

शालिग्राम : आत्या.

आत्या : काय रे?

शालिग्राम : काही नाही. मी निघतो. घरी तुझ्या सुनेला काय सांगू?

आत्या : तिला म्हणावं, डिंक आणि खारीक खा. आणि भिंतीकडे तोंड करून निजू नको, त्याने पाठीत गारठा शिरतो.

शालिग्राम : तुला कसं माहीत?

आत्या : एका घरात राहत होते ना रे मी. भिंती काही फार जाड नव्हत्या तुझ्या.

शालिग्राम : सांगतो. पुढच्या महिन्यात येईन मी. एकटा नाही, तिला घेऊन येईन.

आत्या : ये. घेऊन ये. इंदे, हे बघ. दिसतोय? त्या कडेच्या दाण्याला.

इंदू : हे? हा ठिपका?

आत्या : ठिपका नव्हे, काटा. फुटतोय. आता बोलू नकोस दोन मिनिटं.

इंदू : ...

आत्या : हं. बोल आता.

इंदू : गल्लीतली पोरं काल विचारत होती, यंदा घोडा आहे तर पायरीवर काय ठेवायचं? मी त्यांना आपली पद्धत सांगितली होती. दादाने हरभरे आणलेत, मोठ्या दाण्याचे. संध्याकाळपर्यंत भिजतील का?

आत्या : भिजतील.

इंदू : गूळ पण ठेवते. मोठा खडा.

आत्या : ठेव. आणि हे बघ पोरी, नुसते भिजवू नकोस. थोडे शिजव. इतक्या वर्षांचा घोडा, आता त्याला दात कुठले राहिले असतील?